माळेतल्या राजाचं नाक

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटणार नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदा घरात सांगितली, तेव्हा आमची ही गॅस बंद केलाय का बघायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. दुसऱ्यांदा पाहुण्यांत सांगितली, तर पाहुण्यांना एकदम शेवटची एसटी आठवली. तेव्हापासून मी ती फक्त गुजरीत सांगतो. तिथं ऐकणाऱ्यांना धंदा सोडून पळता येत नाही.

गुजरी म्हणजे आमच्या कोल्हापुरातली सराफांची गल्ली. तिथल्या एका दुकानाच्या पायरीला लागून माझी बसायची जागा. मी अंबादास, गल्लीला नाना, धंद्यानं पटवेकरी. सोनार दागिना घडवतो. आम्ही तो रेशमाच्या दोऱ्यात ओवतो, गाठी मारतो आणि मागं गोंडा लावून देतो. माझ्या समोर आकारामचा चहाचा गाडा आणि शेजारी बनाबाईची गजऱ्याची पाटी.

परवा दुपारी ऊन मी म्हणत होतं. गिऱ्हाईकाचा पत्ता नाही. दुकानाच्या काचेत नव्या फॅशनची माळ लावली होती, नकली नाण्यांची. नाण्यांवर कुठल्या कुठल्या परदेशी राजांची तोंडं छापलेली. बनाबाईनं ती बघून नाक मुरडलं.

"पैशे काय गळ्यात बांधत्यात व्हय?"

"बाई," मी म्हणालो, "ही नकली हाय. अस्सल रोमच्या राजांची माळ ह्या दोन हातांनी ओवलीया मी. दोन हजार वर्षांची जुनी. सोन्याची."

"झालं सुरू," आकाराम म्हणाला आणि त्यानं स्टोव्ह बारीक केला. स्टोव्ह बारीक केला म्हणजे त्याला ऐकायचं असतं.

तर शहाण्णव साल असेल. गडहिंग्लजची चन्नम्मा नावाची म्हातारी माझ्या पायरीशी येऊन उभी राहिली. लिंगायत घर, मिरचीची अडत. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि दोन्हीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. सोबत तिचा नातू रुद्रेश आणि त्याच्या खांद्यावर संकेश्वरी मिरचीचं पोतं. पोतं त्यानं पायरीवर ठेवलं.

म्हातारी म्हणाली, "तळाला हात घाल."

"आज्जी, मला मिरची नको."

"मिरची कोण दितंय तुला? हात घाल म्हंतोय न्हवं."

एसटीत चोर असतात म्हणून म्हातारीनं माळ मिरच्यांच्या तळाशी घालून आणली होती. मी कोपरापर्यंत हात घातला. त्यानंतर असा खकाणा उठला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे सराफ शिंकायला लागले. एकाच्या तराजूतलं सोनं त्याच्या स्वतःच्या शिंकेनं उडून समोरच्या दुकानात पडलं, आणि समोरचा म्हणाला, आमच्याकडं पडलं ते आमचं.

"मला आठवतंय की ते," आकाराम म्हणाला. "मिरची कुठली? वरच्या माळ्यावर जुन्या गाद्या झाडत हुते."

"तू बघायला होतास?"

"मी शिंकायला हुतो."

असो. माळ बाहेर आली. पुतळ्यांची माळ तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल. पातळ चकत्या, वर देवीची आकृती. ही तसली नव्हती. जाड नाणी होती, सात. काठ वेडेवाकडे, जणू सोन्याच्या गोळीवर कुणी एकच घाव घातला आणि जेवायला निघून गेला. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन बारीक कड्या जोडलेल्या, म्हणजे गळ्यात नाणं सरळ बसावं, गिरकी घेऊ नये. आणि सातही नाण्यांवर एकच माणूस, एका बाजूनं दिसणारा. डोक्याला पानांची पट्टी. मान रेड्यासारखी. आणि नाक!

नाकाचं काय सांगू. कपाळातून जे निघालं होतं ते थेट नाण्याच्या काठापर्यंत. सोन्यातून इतकं वर उठलेलं की त्यात पदर अडकायचा. एका दिवाळीत त्या नाकांनी इचलकरंजीचे तीन कोरे पदर फाडले, तेव्हापासून त्या घरातल्या बायका आधी पदर खोचतात आणि मग माळ घालतात.

"खोटं असूं दे," बनाबाई म्हणाली, "पण चांगलं हाय. पुढं?"

पुढं मी ती माळ उन्हात धरली आणि मला एक गंमत दिसली. सगळे राजे उजवीकडंच बघत होते. म्हणजे ओवल्यावर कुणाचंच तोंड कुणाला दिसत नव्हतं. प्रत्येकजण पुढच्याच्या मानेकडं बघत बसलेला, एसटीच्या तिकिटाला रांग लावल्यासारखा. मी एक नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला एक बाई खुर्चीवर बसलेली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाडाची डहाळी. आणि कडेनं अक्षरं. ती कानडी नव्हती, बाळबोध नव्हती, मोडी तर नव्हतीच.

मी विचारलं, "आज्जी, हा कोण?"

"आमचा प्रभुलिंग अज्जा. आमच्या घराचा मूळपुरुष."

"आनि मागं बसलीया ती?"

"त्याची बायको. दिसत न्हाय व्हय तुला? काठी म्हशी हाकायला आनि डहाळी शेरडाला."

"आनि ही अक्षरं?"

"शिवाचं नाव असंल. झिजलंय." म्हातारीनं माळ माझ्या हातातून घेतली आणि मधल्या नाण्यावर अंगठा ठेवला. "हे नाक बघ. माझ्या मालकांचं हेच नाक हुतं. माझ्या रेवणसिद्धाचं हेच हाय. आमच्यात लेकरू जल्मलं की सुईण पोरगा का पोरगी ते मागनं सांगती, आधी नाक सांगती."

तिचा मुलगा रेवणसिद्ध मी नंतर बघितला. म्हातारी खोटं बोलत नव्हती. तो माणूस दारातून आत येताना आधी नाक यायचं, मग थोड्या वेळानं धोतर.

आता त्या घराची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. मुलाचा साखरपुडा असला की घरातली थोरली बाई त्याला चार माणसांत पाटावर बसवते. माळेतलं मधलं नाणं त्याच्या नाकाशेजारी धरते. अज्जाच्या नाकावरनं अंगठा फिरवते, मग मुलाच्या नाकावरनं फिरवते. आणि मोठ्यानं सांगते, "आमचंच नाक." एवढं म्हटलं की माळ नव्या सुनेच्या गळ्यात. नाही म्हटलं तर माळ पेटीत. आजवर पेटीत जायची वेळ कधी आली नव्हती. पोरं सगळी अज्जाच्या साच्यातनंच पडल्यासारखी.

फक्त एक सोडून.

मी रुद्रेशकडं बघितलं. पोरगा उंच, देखणा, हातापायानं भक्कम. पण नाक त्याच्या आईच्या माहेरचं, चंदगडकडचं. गोल, बारकं, जरा वर बघणारं. काजूगर असतो न्हवं, तसंच. आणि साखरपुडा त्याचाच होता.

मी हळूच विचारलं, "आज्जी, आनि ह्याचं कसं हो?"

रुद्रेशनं मान खाली घातली. म्हातारी माझ्यावर खेकसली, "दोरा बदल म्हंतलं तुला. सैल झालाय. नाकाचं माझं मी बघीन." आणि माळ माझ्या हातात परत देऊन पुतणीच्या घरी, शाहूपुरीत, चालू लागली. खरेदीसाठी ती आठवडाभर कोल्हापुरातच राहणार होती.

आता खरं विचाराल तर मला त्या नाकापेक्षा त्या अक्षरांनी पछाडलं होतं. जेवताना तीच, झोपताना तीच. मी दिसेल त्याला दाखवत सुटलो. एक सराफ म्हणाला पोर्तुगीज असेल. एक म्हणाला, निजामाचा कुणीतरी फिरंगी सरदार. पानवाला म्हणाला, नाक बघता हा आमच्या गल्लीतलाच. शेवटी गुरुप्रसाद सर आले. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि बायकोचं मंगळसूत्र गाठवून घ्यायला माझ्याकडंच यायचे. त्यांनी माळ हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि खाली बसले. खाली म्हणजे पायरीवर नाही, रस्त्यावर. मागून आलेली रिक्षा हॉर्न वाजवून दमली आणि त्यांना वळसा घालून गेली.

"अंबादास, हा रोमचा बादशहा आहे."

त्यांनी त्याचं नावही सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही. मागं बसलेली बाई बहुतेक त्याची आई, म्हणे, देवीच्या रूपात. हातात काठी नव्हे, राजदंड. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची गलबतं आपल्याकडं यायची, मिरी आणि कापड न्यायची आणि बदल्यात सोनं देऊन जायची. आपल्या लोकांना बाजारात त्या नाण्यांचा काही उपयोग नव्हता, पण मालाचं सोनं कोण सोडतंय? त्यांनी कड्या जोडल्या आणि बायकांच्या गळ्यात घातली. ज्यांना सोनं परवडायचं नाही ते तसलीच नाणी मातीची करून घालायचे.

"मातीची?" बनाबाईनं मला थांबवलं. "राजाच्या तोंडाची? मातीची?"

"मातीची. वर सोन्याचा मुलामा द्यायचे म्हणे. ही काचेतली नकली माळ आजची न्हवं, बाई, लई जुनी फॅशन हाय."

"हे मातुर खरं वाटतंय," ती म्हणाली आणि काचेकडं पुन्हा एकदा बघून घेतलं.

खरंच होतं ते. सर म्हणाले, आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणलं तेव्हा त्यांच्या दर्याच्या देवाची मूर्ती निघाली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ठेवलीय, जाऊन बघ. मी जाऊन बघितली. एवढीशी मूर्ती, हात वर केलेला. मी तिच्या नाकाकडं निरखून बघत होतो, तर तिनं तोंड फिरवलं.

"नाना," आकाराम म्हणाला, "मूर्तीनं?"

"जरासं. जरासं फिरवलं."

दुसऱ्या दिवशी म्हातारी दोरा झाला का बघायला आली, तेव्हा सर मुद्दाम थांबले होते. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, नमस्कार करून, अगदी शाळेतल्या पोरांना सांगतात तसं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"म्हंजे ह्यो आमचा अज्जा न्हवं म्हंतासा."

"नाही आज्जी. रोमचा राजा."

"मग आमचं नाक त्याला कसं गेलं?"

सर चष्मा पुसायला लागले. म्हातारी म्हणाली, "आमच्यातलं कोन तरी मिरी घेऊन गेलं असंल तिकडं. ऱ्हायला असंल चार दिवस. पुढचं तुमी शिकलेली मानसं, तुमीच समजून घ्या."

सरांना हसू आवरेना. ते म्हणाले, "तिकडच्या बायकासुद्धा नाण्यांना कड्या लावून गळ्यात घालायच्या बरं का, आज्जी. आणि त्यांच्या आधीचे ग्रीक लोक, त्यांच्या नाण्यांवर घुबड असायचं."

"अव्वा! घुबड गळ्यात?"

"त्यांच्यात शुभ समजायचे."

"आसू दे बाबा ज्येचं त्येला. आमच्यात नाकच बरं." मग ती सरांच्या जवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, म्हणजे फक्त निम्म्या गल्लीला ऐकू जाईल असं, "हे आमच्या घरात सांगू नकासा. रोमचा म्हंतला की रेवणसिद्ध उद्या पाटी लावंल अडतीवर."

जाता जाता सरांनी मला बजावलं. माळ ओव, पण नाण्यांना हात लावू नकोस. चिंच नको, रिठा नको, ब्रश तर नकोच. इतकी वर्षं ते नाक टिकलंय, तुझ्या हातून झिजायला नको.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी रुद्रेश आला. बरोबर एक पोरगी, सौंदर्या, तिच्याशीच त्याचा साखरपुडा ठरलेला. निपाणीच्या शाळेत शिकवायची. रुद्रेश पायरीवर बसला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला,

"नाना, ह्या अज्जाचं नाक जरा कमी करता येतंय का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मधल्या नाण्याचं," तो म्हणाला. "तेच धरत्यात न्हवं नाकाला. थोडं घासलं तर? गोल गोल?"

सौंदर्या म्हणाली, "राजाचं घासण्यापेक्षा ह्याचं ओढा, नाना. चिमटा हाय न्हवं तुमच्याकडं?"

"तू गप बस गं."

"गप काय? मला माळ नको म्हणून सांगितलंय मी. तीन पदर फाडलेली माळ कुणाला पायजे?"

"तुला नको," रुद्रेश म्हणाला. "मला पायजे."

मग तो बोलत सुटला. ल्हानपणापासून चुलत भाऊ त्याला म्हणायचे, तुला बाजारातनं आणलंय, मिरचीच्या वजनात टाकून दिला कुणीतरी. घरात फोटो काढायचा झाला की कुणीतरी हसत हसत त्याला कडेला सरकवायचं. बाप जेवताना कधी कधी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. पोती उचलायला रुद्रेश, म्हातारीला दवाखान्यात न्यायला रुद्रेश, एसटीत तिच्यासाठी खिडकीची जागा धरायला रुद्रेश. आणि आता चार माणसांत पाटावर बसायचं आणि अज्जीनं नाणं धरायचं आणि काहीच बोलायचं नाही.

"ती खोटं बोलत न्हाई, नाना," तो म्हणाला. "कुणासाठीच न्हाई. मापात मासाभर खोट असली तर गिऱ्हाईकाला हाक मारून परत बोलवती. माझ्यासाठी ती खोटं बोलणार न्हाई. मग अज्जाचंच नाक माझ्यासारखं असाय पायजे. तिला एकदा म्हणू दे, आमचंच नाक. बास. मग ती माळ पेटीत जाऊ दे न्हाईतर रोमला जाऊ दे."

सौंदर्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मगाचा तोरा पार उतरलेला.

इथं आकारामनं स्टोव्ह बंदच केला.

"मग?" बनाबाईनं विचारलं. तिच्या हातातला गजरा अर्धाच राहिला होता. "घासलं का न्हाई?"

सांगतो की. एकीकडं सरांची ताकीद. दुसरीकडं ते पोरगं. मी म्हणालो, उद्या या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गुजरी उघडायच्या आत, मी ओळखीच्या सोनाराकडून बारीकातली बारीक कानस आणली. माळेतलं मधलं नाणं पुढं घेतलं. राजाकडं बघितलं. म्हणालो, "महाराज, माफी असावी, घरचं काम हाय." आणि नाकाच्या शेंड्यावर कानस लावली.

काय सांगू. पहिल्याच घासणीला नाणं माझ्या हातात तापलं. दुसऱ्या घासणीला पलीकडच्या सहा राजांच्या माना हलल्यासारख्या वाटल्या. सोनं मऊ असतं म्हणतात, पण हे नाक! रोमची सगळी फौज त्या नाकात दडून बसली होती. मी घासत गेलो, घासत गेलो. शेंडा गेला, मधला उंचवटा गेला, नाकपुडी गोल झाली. वरनं कापडानं चकाकी दिली. आणि बघतो तर काय, हुबेहूब काजूगर! चंदगडचा! राजा असा दिसायला लागला की आता उठतोय आणि गोव्याची एसटी धरतोय.

"आनि त्या नाकाचं सोनं कुठं गेलं?" आकारामनं विचारलं.

"जाईल कुठं? गल्लीतली माती धुऊन सोनं काढणारे लोक येत्यात न्हवं, त्यांच्या पाटीत. कोल्हापुरात कुणाच्या तरी कानात आज रोमच्या राजाचं नाक लोंबतंय."

मग आला साखरपुडा. मला आमंत्रण होतं. माळ मीच घेऊन गेलो गडहिंग्लजला, म्हातारीचा तसा निरोपच होता. अडतीच्या वरच्या मजल्यावर सगळी भावकी जमलेली. जिकडं बघावं तिकडं नाकं. भिंतीवर फोटो होते, त्यांतसुद्धा नाकं. मधे पाटावर रुद्रेश, नव्या टोपीत, घामानं निथळत. समोर सौंदर्या. चुलत भाऊ एका बाजूला उभे, एकमेकांना कोपरानं ढोसत. रेवणसिद्ध खिडकीकडं तोंड करून.

म्हातारी उठली. माळ हातात घेतली. तिनं माळ अंगठ्याखालनं सरकवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळी सात नाणी, जपमाळ ओढावी तशी हळू. मग मधलं नाणं रुद्रेशच्या नाकाशेजारी धरलं. अज्जाच्या नाकावरनं अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. मग रुद्रेशच्या नाकावर अंगठा ठेवला आणि तो तिथंच राहिला.

मला वाटलं, संपलं. कुणीतरी भाऊ फिसकन हसला.

"मान वर कर, तम्मा," म्हातारी रुद्रेशला म्हणाली.

त्यानं मान वर केली. डोळे मात्र मिटलेलेच.

"डोळं उघड."

त्यानं उघडले. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. आणि मग, आयुष्यात जेवढ्या मोठ्यानं ती मिरचीचा भाव ओरडली नसेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"हौदु! व्हय, आमचंच नाक!"

खाली अडतीत हमालसुद्धा थांबले. चुलत भावांची तोंडं उघडीच राहिली. रेवणसिद्ध खिडकीकडनं वळला, "अव्वा, नीट बघितलीस न्हवं?" म्हणाला.

"माझी नजर अजून गेल्याली न्हाई," म्हातारी म्हणाली. "तुझी गेली असंल तर तू बघ हिकडं येऊन."

तो काही आला नाही. म्हातारीनं माळ सौंदर्याच्या गळ्यात घातली. आधी तिचा पदर स्वतःच्या हातानं खोचला आणि मग घातली. रुद्रेशला पाटावरनं उठताच येईना, दोघांनी धरून उठवला. आणि मी कोपऱ्यात बसून मनात म्हणालो, अंबादासा, जितलास! एवढी शहाणी म्हातारी, मापातली मासाभर खोट धरणारी, पण तुझ्या कानशीपुढं फसली. एका नाण्याचं नाक काय घासलंस, अख्ख्या...

"थांबा, नाना!" बनाबाईनं हातातला गजरा पाटीत टाकला आणि अशी ओरडली की पलीकडच्या दुकानातला सराफ बाहेर आला. "खोटं! साफ खोटं बोलतासा! सातीच्या साती नाण्यांवरनं अंगठा फिरवला म्हंतासा न्हवं म्हातारीनं? मग सा नाकं टोकदार आनि मधलंच एक बसकं, हे तिच्या अंगठ्याला लागलं न्हाई व्हय? जल्मभर ती माळ घातल्याली बाई! आनि म्हणं फसली! कशाची कानस आनि कशाचं काय! राजाच्या नाकाला तुमी बोटबी लावलं न्हाईसा. नाक हाय तसंच हुतं, म्हातारीला चांगलं दिसत हुतं, आनि चार मानसांत ती नातवासाठी खोटं बोलली!"